मांत्रिकाच्या दारात बसलेले नैराश्य

मांत्रिक, भगत, वैदू, प्रार्थनेने बरे करणारे धर्मगुरू, दर्ग्यावरचे मुजावर यांच्याकडे उपचारासाठी जाणाऱ्या माणसांचा विषय निघाला की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर केस मोकळे सोडून घुमणारी बाई किंवा साखळीने बांधलेला, आरडाओरडा करणारा तरुण उभा राहतो. वर्तमानपत्रांत छायाचित्रही त्यांचेच छापून येते आणि चर्चाही त्यांचीच होते. त्याच आवारात भिंतीला टेकून, आपली पाळी येण्याची वाट पाहत बसलेल्या बाकीच्या माणसांविषयी मला लिहायचे आहे. ती ओरडत नाहीत, कोणाच्या अंगावर धावून जात नाहीत. डोके सतत दुखते, अंगात त्राण राहिलेले नाही, छातीत धडधडते, पहाटे तीनलाच जाग येते, कशातच मन लागत नाही, अशा तक्रारी घेऊन ती आलेली असतात. त्यांतल्या पुष्कळांना नैराश्याचा आजार असतो आणि हे त्यांच्या घरच्यांना, ज्याच्याकडे ती आली आहेत त्याला आणि कित्येकदा त्यांना स्वतःलाही ठाऊक नसते.

हा माझा केवळ समज नाही. पाकिस्तानातील रावळपिंडीजवळच्या ग्रामीण भागात श्रद्धोपचार करणाऱ्या पिरांकडे आलेल्या लोकांची मानसोपचारतज्ज्ञांनी पद्धतशीर तपासणी केली होती आणि २००० साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आलेल्यांपैकी ६१ टक्के लोकांना कोणता ना कोणता मानसिक आजार होता आणि २४ टक्क्यांना, म्हणजे साधारण दर चौघांतल्या एकाला, तीव्र नैराश्य होते. उपचार करणाऱ्यांनी स्वतः या लोकांची जी वर्गवारी केली होती ती सावली, जिन्न, चुडैल अशी होती आणि वैद्यकीय निदानाशी तिचा मेळ जवळपास बसत नव्हता. टांझानियातील दारेसलाम शहरात २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांतले रुग्ण आणि पारंपरिक वैदूंकडचे रुग्ण यांची तुलना केली गेली. नैराश्य आणि चिंता या गटातले आजार आरोग्य केंद्रात २४ टक्के लोकांत, तर वैदूंकडे ४८ टक्के लोकांत आढळले. म्हणजे ज्या आजारासाठी डॉक्टर लागतो तो आजार असलेली माणसे डॉक्टरच्या दारापेक्षा वैदूच्या दारात दुप्पट प्रमाणात बसलेली होती.

असे का होते याचे उत्तर अज्ञान या एका शब्दात देऊन मोकळे होणाऱ्यांशी माझे मुळीच जमत नाही. नैराश्य पुष्कळदा शरीराच्या भाषेत बोलते. मन उदास आहे असे म्हणत दवाखान्यात जाणारा माणूस विरळा. पाठ दुखते, भूक मेली आहे, हातपाय गळून गेले आहेत, असेच बहुतेक जण सांगतात. गर्दीच्या दवाखान्यात दोन-तीन मिनिटांत नाडी, रक्तदाब पाहून वेदनाशामक आणि शक्तीच्या गोळ्या लिहून दिल्या जातात, तपासण्यांत काही निघत नाही आणि तुम्हाला काहीही झालेले नाही असे सांगून रुग्णाला घरी पाठवले जाते. ज्याला रात्रभर झोप नाही, ज्याच्या घशाखाली घास उतरत नाही, त्याला काहीही झालेले नाही हे उत्तर कसे पटावे? झालेले तर आहे, मग ते डॉक्टरच्या यंत्रात न दिसणारे काहीतरी असले पाहिजे, हा पुढचा विचार त्या माणसाच्या दृष्टीने अगदी सरळ असतो आणि तोच त्याला मांत्रिकाच्या दारात नेऊन सोडतो.

माझी एक दूरची मावशी याच वाटेने गेली. तिचे डोके दुखायचे, जेवण सुटले होते, आणि घरातली कामे करता करता ती मध्येच थांबून भिंतीकडे पाहत बसायची. दोन डॉक्टर झाले, डोक्याचे स्कॅन झाले, चष्म्याचा नंबरही बदलून झाला. मग शेजारणीच्या सांगण्यावरून ती एका बाबांकडे जाऊ लागली, आणि एकदा सोबतीला मी होते. बाबांनी तिला समोर बसवून घेतले आणि तिचा हात हातात घेऊन विचारले, “बाई, घरात कोण कोण असतं? कोणी गेलं का अलीकडे?” तिने धाकट्या दिराच्या मृत्यूविषयी सांगायला सुरुवात केली आणि सांगता सांगता ती रडली. बाबांनी घाई केली नाही. बाहेर माणसे खोळंबली होती, तरी ते ऐकत राहिले. इतक्या महिन्यांत तिला इतका वेळ कोणी दिलेला मी पाहिलेला नव्हता. मग त्यांनी निदान केले की त्या दिराचा जीव घरात अडकला आहे आणि तो तिला सोडत नाही. पुढचे काही आठवडे तिला खरोखर बरे वाटले. नंतर पुन्हा सगळे पहिल्यासारखे झाले, किंबहुना जास्तच बिघडले. कितीतरी उशिरा, रक्तदाब तपासायला आलेल्या एका नर्सबाईंनी तिला सहज विचारल्यासारखे विचारले, “काकू, जगू नये असं कधी मनात येतं का?” मावशी म्हणाली, “रोज येतं गं. पण आजवर कुणी विचारलंच नाही.”

डॉक्टरांनी तो प्रश्न विचारला नव्हता, बाबांनीही विचारला नव्हता, आणि आम्ही घरच्यांनीही नव्हता. सगळे मिळून तिची डोकेदुखी बरी करत होतो.

बाबांकडे गेल्यावर तिला काही आठवडे बरे वाटले, ही गोष्ट मी जाणूनबुजून सांगितली आहे. श्रद्धोपचारांवर टीका करणारे हा भाग गाळतात आणि समर्थन करणारे फक्त एवढाच भाग सांगतात. अशा उपचारांच्या परिणामकारकतेविषयी जगभरात झालेल्या संशोधनाचा एक मोठा आढावा २०१६ साली प्रसिद्ध झाला, त्यात २० देशांतले ३२ अभ्यास तपासले होते. नैराश्य आणि चिंता यांसारख्या आजारांत मनाचा ताण हलका होणे आणि सौम्य लक्षणे कमी होणे इतपत फायदा या उपचारांनी होऊ शकतो, पण स्किझोफ्रेनियासारख्या गंभीर आजारांचा मार्ग त्यांनी बदलतो असा पुरावा फारसा नाही, असा त्या आढाव्याचा सूर होता. हे समजण्यासारखे आहे. कोणीतरी निवांत ऐकून घेते, दुःखाला कारण मिळते, घराबाहेर पडावे लागते, ठरलेल्या दिवशी ठरलेल्या ठिकाणी जावे लागते, तिथे इतर माणसे भेटतात. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला हळूहळू पुन्हा हालचालीत आणि माणसांत आणणे ही नैराश्यावरची मान्यताप्राप्त उपचारपद्धतीसुद्धा आहे. गोव्यात मानसोपचारतज्ज्ञ नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांनी सहा ते आठ बैठकांत हीच पद्धत वापरून तीव्र नैराश्याच्या रुग्णांना बरे केल्याचे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसले होते.

पण यात एक मोठी फसगत दडलेली असते. नैराश्याचा झटका पुष्कळदा काही महिन्यांत आपोआपही ओसरतो, आणि माणूस मांत्रिकाकडे जातो तो बहुधा त्रास शिगेला पोचल्यावर. त्यामुळे त्यानंतर जो उतार पडतो त्याचे सगळे श्रेय त्या विधीला मिळते. पुढच्या वेळी आजार उलटतो, तेव्हा ओढ पुन्हा तिकडेच असते. वारंवार उलटणे हा या आजाराचा स्वभावच आहे; एकदा झटका येऊन गेलेल्यांपैकी निम्म्याच्या आसपास लोकांना तो पुन्हा येतो. दरम्यान आजार जुना होत जातो, पैसा जातो, कर्ज होते, आणि कर्ज हे स्वतःच माणसाला खचवणारे असते.

याहून मला अधिक टोचते ती त्या निदानांतून होणारी इजा, जिच्याविषयी क्वचितच कोणी लिहिते. आपण नालायक आहोत, आपल्यामुळेच सगळ्यांना त्रास होतो, आपण काहीतरी पाप केले आहे, ही अपराधी भावना नैराश्याच्या मुख्य लक्षणांपैकी आहे. अशा माणसाला कोणी गंभीर चेहऱ्याने सांगितले की तुझ्या हातून पाप घडले आहे, तू देवाचे काही चुकवले आहेस किंवा तुझी श्रद्धाच कमी पडते म्हणून तू बरा होत नाहीस, तर आजारानेच मनात पेरलेल्या खोट्या आरोपावर धर्माचे शिक्कामोर्तब होते. बरे होण्यासाठी तो अधिक कडक उपास करतो, अधिक जागरणे करतो, आणि आधीच झोप व भूक गमावलेले शरीर आणखी खालावते. दुसऱ्या प्रकारच्या निदानात, म्हणजे कोणीतरी करणी केली आहे असे सांगितले जाते तेव्हा, रुग्ण स्वतःला दोष देण्यापासून सुटतो हे खरे, पण ते खापर शेजारणीवर, जावेवर किंवा नव्याने घरात आलेल्या सुनेवर फुटते. ज्या नात्यांच्या आधाराने माणूस या आजारातून बाहेर येऊ शकला असता, त्यांच्यातच विष कालवले जाते. चेटकीण ठरवून बायकांना मारल्याच्या बातम्या आपण वाचतो, त्यांच्या मागे कोणाचा तरी न ओळखलेला आजार कितीदा असतो, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

साखळ्या आणि मारहाण यांविषयी मी थोडक्यातच लिहिते, कारण त्यांत दुमत असण्याचे कारण नाही. तमिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी दर्ग्याच्या परिसरातील एका खाजगी निवासगृहाला आग लागली आणि साखळ्यांनी बांधून ठेवलेले २८ मनोरुग्ण जळून मेले. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ याच्या कलम ९५ नुसार मनोरुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळीने बांधून ठेवण्यास भारतात मनाई आहे. नैराश्याच्या रुग्णाच्या वाट्याला साखळी सहसा येत नाही. त्याचे नुकसान न दिसणारे असते: उपचाराला झालेला उशीर, आणि डॉक्टरांनी सुरू केलेली औषधे बंद करण्याचा आदेश. नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण दिसायला साधारण दोन ते चार आठवडे, काहींना त्याहून जास्त वेळ लागतो. तोंडाला कोरड पडणे, मळमळणे असले त्रास मात्र पहिल्या दिवसांतच होतात. नेमक्या याच दिवसांत कोणी म्हणाले की या गोळ्यांनी बाधा आणखी चिघळते, तर रुग्णाला ते पटकन खरे वाटते, आणि औषध गुण देण्याच्या आतच सुटते.

श्रद्धोपचार करणारे आणि डॉक्टर यांनी एकत्र काम करावे ही कल्पना नवी नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या परिषदेने मंजूर केलेल्या १९७८ च्या अल्मा-आटा जाहीरनाम्यात प्राथमिक आरोग्यसेवेत गरजेनुसार पारंपरिक उपचारकांचाही सहभाग असावा, असे स्पष्ट म्हटलेले आहे. त्यानंतर जे प्रयोग झाले त्यांतले बहुतेक भ्रम-भास होणाऱ्या तीव्र मनोविकारांविषयीचे आहेत, हे वाचत गेल्यावर ध्यानात येते. तमिळनाडूतील एका देवळात राहायला आलेल्या रुग्णांविषयीचा २००२ सालचा अभ्यास फार गाजला; कोणताही खास विधी न करता, केवळ त्या आपुलकीच्या वातावरणात काही आठवडे राहून त्यांची लक्षणे सरासरी २० टक्क्यांच्या आसपास कमी झाली होती. पण त्या ३१ जणांत नैराश्याचा रुग्ण एकही नव्हता. घानातील एका प्रार्थना शिबिरात रुग्णांना मानसोपचाराची औषधेही देऊन पाहिली, तेव्हा लक्षणे कमी झाली, साखळीत काढलेले दिवस मात्र कमी झाले नाहीत. घाना आणि नायजेरियात ३०७ रुग्णांवर झालेल्या आणि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत श्रद्धोपचारक आणि आरोग्य कर्मचारी यांनी मिळून काळजी घेतलेल्यांची प्रकृती इतरांपेक्षा अधिक सुधारली. तेही रुग्ण भ्रम आणि भास असलेलेच होते. संशोधकांचे लक्षही जो आवाज करतो त्याच्याकडे आधी गेले, यात त्यांना दोष देण्यासारखे काही नाही, पण भिंतीला टेकून बसलेल्यांची पाळी यायला त्यामुळे आणखी उशीर झाला.

म्हणूनच केनियातील मकुएनी परगण्यात झालेले काम मला महत्त्वाचे वाटते. तिथे पारंपरिक वैदू आणि श्रद्धोपचारक यांना जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शिकेच्या आधारे नैराश्य आणि आत्महत्येचा धोका ओळखायला, रुग्णाशी धीराने बोलायला आणि गरज पडल्यास त्याला आरोग्य केंद्राकडे पाठवायला शिकवले गेले, आणि पुढच्या काळात त्या रुग्णांचे नैराश्य कमी झाल्याचे व त्यांच्या रोजच्या जगण्याचा दर्जा सुधारल्याचे दिसले. एवढ्यावरून फार मोठे निष्कर्ष काढण्याची घाई करू नये, हे मला मान्य आहे. पण झिंबाब्वेमध्ये दवाखान्याच्या आवारातल्या बाकावर बसून वयस्क आज्या नैराश्याच्या रुग्णांशी बोलतात, त्यांच्या अडचणी एकेक करून सोडवायला मदत करतात, आणि त्या पद्धतीचा फायदा २०१६ साली ५७३ रुग्णांवरच्या चाचणीत सिद्ध झाला आहे. ज्या आज्यांना मानसशास्त्राची पदवी नव्हती त्यांना हे जमले, तर आयुष्यभर लोकांची दुःखे ऐकत आलेल्या वैदूला ते शिकताच येणार नाही, असे मानायला मला तरी आधार दिसत नाही.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो मी हलका मानत नाही: प्रशिक्षण देऊन तुम्ही भोंदूंच्या हातात प्रमाणपत्र देता. जो बायकांना एकांतात बोलावतो, जो पैसे उकळतो, जो मारतो, त्याच्याशी सहकार्य नव्हे तर फौजदारी कारवाईच झाली पाहिजे, आणि तिथे श्रद्धेचा मुद्दा आड येता कामा नये. पण सरसकट सगळेच भोंदू आहेत असे धरून चाललो तर रुग्ण तिकडे जायचे थांबत नाहीत. ते फक्त डॉक्टरला सांगायचे थांबतात. गुजरातमधील उनावा येथील मीरा दातार दर्ग्याच्या आवारात दवा आणि दुआ एकत्र देण्याचा जो उपक्रम चालतो, त्यात मुजावर दुआ देतात आणि शेजारच्या मानसोपचार केंद्राकडेही पाठवतात. रुग्णाला देव आणि डॉक्टर यांतून एकाची निवड करावी लागत नाही. मुजावराचा मान राखला जातो, म्हणून तो पाठवतो. मान न राखता नुसती रुग्ण पाठवण्याची अपेक्षा केली तर कोणताही माणूस आपल्याकडे आलेल्याला दुसरीकडे धाडणार नाही. डॉक्टरांनीही त्याच्याकडून आलेल्या रुग्णाची हालहवाल त्याला कळवली पाहिजे. हे सहसा होत नाही आणि मग सहकार्य पहिल्या उत्साहानंतर विरून जाते.

शिकवायचे काय, हे फार अवघड नाही. गेल्या दोन आठवड्यांत बहुतेक दिवस मन उदास किंवा निराश वाटते का, आणि ज्या गोष्टींत पूर्वी गोडी होती त्यांतली गोडी गेली आहे का, हे दोन प्रश्न प्राथमिक चाळणीला पुरतात. एकाचेही उत्तर होकारार्थी आले तर झोप, भूक, थकवा, एकाग्रता, अपराधी भावना यांविषयी विचारायचे, आणि मग न चाचरता मरणाच्या विचारांविषयी विचारायचे. हा शेवटचा प्रश्न विचारल्याने नसलेला विचार मनात शिरतो अशी भीती लोकांना वाटते, आणि ती निराधार आहे; आजवरच्या संशोधनात तसे आढळलेले नाही, उलट विचारल्यावर मोकळे वाटल्याचे पुष्कळ जण सांगतात. थायरॉइड कमी असणे, रक्त कमी असणे यांतूनही अशीच लक्षणे दिसू शकतात, म्हणून एकदा रक्ततपासणी व्हायला हवी, आणि ती कोणत्याही मंत्राने होत नाही, एवढे मात्र ठणकावून सांगावे लागते.

तुमच्या घरातले कोणी अशा ठिकाणी जात असेल तर त्याच्याशी भांडू नका, त्याच्या श्रद्धेची टवाळी करू नका. जमल्यास सोबत जा. येताना वाटेत वर सांगितलेले प्रश्न विचारा आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत मध्ये बोलू नका. जगू नये असे वाटते, असे उत्तर आले तर त्या माणसाला एकटे सोडू नका, घरातली कीटकनाशके, जास्तीची औषधे हाताशी राहणार नाहीत असे पाहा, आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. भारतात टेली-मानस या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो. औषध सुरू झाले तर पहिल्या महिन्यात ते कोणाच्याही सांगण्यावरून सुटणार नाही, याची जबाबदारी घरातल्या एका माणसाने घ्यावी. माझ्या मावशीच्या गोळ्या सुरू झाल्यावरही ती बाबांकडे जात राहिली, आणि आम्ही तिला अडवले नाही. डॉक्टरांनीच सांगितले होते की जायचे तर जाऊ द्या, फक्त गोळी घेऊन जाऊ द्या, आणि बाबांनाही एकदा भेटून ती का चालू आहे ते समजावून सांगा. आम्ही भेटलो. त्यांनी गोळ्यांची पट्टी हातात घेऊन उलटसुलट पाहिली, कधी घ्यायची ते विचारले, आणि पुढच्या खेपेला तिला समोर बसवल्यावर पहिला प्रश्न केला, “गोळी घेतली का बाई?”